राजा रविवर्मा : हाताच्या कामाला प्रतिष्ठा देणारे चित्रकार

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत दरसाल एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. यंदा संपादक मंडळाने ते काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही राजा रविवर्मा यांचे नाव सुचविले. त्यावर मंडळातील एका तरुण सभासदाने सरळच विचारले की, केरळातील राजवाड्यात जन्मलेल्या आणि राजेरजवाड्यांची चित्रे काढणाऱ्या गृहस्थांचा, करवत-रंध्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्या आपल्या समाजाशी संबंध काय? प्रश्न रास्त होता. तोंडी उत्तर देण्याचे त्या वेळी आम्हास सुचले नाही, म्हणून ते येथे लिहीत आहोत.

आमचे वडील सुतारकाम करीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांच्याकडे तसबिरींच्या चौकटींचे काम येई. जत्रेतून वा शहरातून गुंडाळी करून आणलेली देवादिकांची चित्रे घेऊन लोक येत आणि ओट्यावर बसून राहत. पट्टी रंधणे, कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जुळविणे, काच बसविणे, मागे फळी ठोकणे ही कामे वडील करीत. काच धरण्याचे काम आमच्याकडे असे. बहुतेक चित्रे लक्ष्मीची किंवा सरस्वतीची. जुन्या चित्रांच्या तळाशी इंग्रजीत बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असे. ते वाचण्याइतके इंग्रजी शाळेत शिकलो, तेव्हा प्रथम रविवर्मा हे नाव आम्हास कळले. तोपर्यंत ही चित्रे कोणी माणसाने काढली असतील असे आमच्या मनातही आले नव्हते.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. त्रावणकोरच्या राजघराण्याशी या घराण्याचे पूर्वापार शरीरसंबंध होत आलेले होते. वडील संस्कृताचे आणि आयुर्वेदाचे व्यासंगी पंडित होते. मातोश्री उमांबा या कवयित्री होत्या. त्यांचे पार्वतीस्वयंवरावरील काव्य पुढे त्यांच्या मृत्यूनंतर रविवर्मांनी प्रसिद्ध केले. केरळातील त्या कुळांत वारसा मातेकडून चाले आणि मुलांच्या संगोपनात मामाचा अधिकार मोठा असे. रविवर्मांचे मामा राजराजवर्मा हे स्वतः तंजावर पद्धतीची चित्रे काढीत. लहानगा भाचा वाड्याच्या भिंती कोळशाने रंगवून ठेवी आणि नोकरमाणसे त्याबद्दल कुरकुर करीत. मामांनी मात्र त्या रेघोट्यांत मुलाचा हात पाहिला आणि भिंत धुऊन काढण्यापूर्वी त्यास आपल्याजवळ बसवून रीतसर शिकविण्यास आरंभ केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आम्ही आयुष्यभर मुलांना शिकविले. वहीच्या मागच्या पानावर चित्र काढले म्हणून किती मुलांचे कान आम्ही पिळले असतील, याचा हिशेब हे वाचताना मनात झाल्यावाचून राहिला नाही.

मामांनी १८६२ साली चौदा वर्षांच्या भाच्यास त्रिवेंद्रम येथे नेऊन महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्यासमोर उभे केले. महाराज रसिक होते. त्यांनी मुलास आश्रय दिला, दरबारातील चित्रे आणि युरोपातून आलेली चित्रांची पुस्तके पाहण्याची मोकळीक दिली. पुढे १८६६ साली मावेलिक्करा येथील राजघराण्यातील भागीरथी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. येथवरची कथा कोणत्याही भाग्यवान मुलाची शोभेल अशी आहे. परंतु विद्येची वाट पुढे अडली.

तैलरंगांनी चित्र काढण्याची विद्या त्या वेळी हिंदुस्थानात नवी होती. त्रिवेंद्रमच्या दरबारात ती रामस्वामी नायडू नावाच्या चित्रकारास अवगत होती. रविवर्मांनी ती शिकविण्याची विनंती केली असता नायडूंनी ती मान्य केली नाही. आपला पोटाचा धंदा आणि त्यातली खुबी राजवाड्यातील मुलाच्या हाती द्यावी, असे त्यांना वाटले नसेल. आम्हास त्यांचा राग येत नाही. कारागिराजवळ विद्येवाचून दुसरी जमीनजुमला कोठे असते? आपल्यातही जोडकामाची एखादी हातोटी जावयासही न सांगता सरणावर घेऊन गेलेले जुने कारागीर आम्ही पाहिले आहेत. नायडूंच्याच एका शिष्याने, आरुमुगम पिल्लै यांनी, रात्री गुपचूप येऊन रविवर्मांना रंग कालविण्याची रीत दाखविली असे सांगतात. पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार महाराजांचे चित्र काढण्यास आले. त्यांनीही शिकविण्याचे टाळले. ते काम करीत असता उभे राहून पाहण्याची तेवढी परवानगी मिळाली. रविवर्मांनी पाहिले आणि खोलीत परतून तसे करून पाहिले. चुकले, पुन्हा केले. म्हणजे ज्यास आज आपण चित्रकारांचा राजा म्हणतो, त्याचे शिक्षण कोणत्याही कलाशाळेत झालेले नाही. आपल्या धंद्यातील पोरे ज्या रीतीने बापाच्या शेजारी उभी राहून शिकतात, त्याच रीतीने ते झाले. फरक इतकाच की, बापाच्या जागी नाखूष परके होते.

यानंतर त्यांनी जे पाऊल टाकले, त्याचे महत्त्व आज सहजी लक्षात येत नाही. त्यांच्या कुळातील पुरुषाने चित्रकलेचा शौक करावा, मामांनी केला तसा, यास कोणाची हरकत नव्हती. पण चित्र काढून त्याचे मोल घेणे हे दरबाराच्या पदरी असलेल्या कारागिरांचे काम. १८७० साली रविवर्मांनी मूकांबिका देवीचे दर्शन घेतले आणि त्याच सुमारास कालिकत येथील एका न्यायाधीशाच्या कुटुंबाचे चित्र मोबदला घेऊन काढले. तेव्हापासून अखेरपर्यंत ते ब्रशावर जगले. कामाची मागणी घ्यायची, दिवस ठरवायचे, काम पुरे करायचे आणि पैसे मोजून घ्यायचे. मोठ्या कुळात जन्मलेल्या माणसाने हे उघडपणे आणि लाज न बाळगता करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. उरलेले निम्मे छापखान्याच्या हकिगतीत येईल.

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केशशृंगार करणाऱ्या नायर स्त्रीच्या त्यांच्या चित्रास गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. त्यानंतर दुष्यंतास पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे चित्र आले. ते मद्रासच्या गव्हर्नरांनी विकत घेतले आणि मोनियर विल्यम्स या पंडिताने शाकुंतलाच्या आपल्या इंग्रजी भाषांतराच्या आरंभी ते छापले. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास आपले संगीत शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आणले. एकीकडे केरळचा चित्रकार, दुसरीकडे बेळगाव-धारवाडकडील नाटककार. परस्परांचा काही संबंध नसता दोघेही त्याच दशकात कालिदासाच्या त्याच नायिकेकडे वळले. नवी विद्या हाती आल्यावर आपली जुनी संपत्ती तिच्या उजेडात पाहण्याची ओढ त्या पिढीसच लागली होती, असे म्हणावे लागते.

राजेरजवाड्यांच्या चित्रांची यादी आम्ही देत नाही; ती फार लांब होईल. आश्रयदाते महाराज १८८० साली निवर्तले आणि त्यांच्या मागून गादीवर आलेल्या महाराजांशी रविवर्मांचे फारसे जमले नाही. त्यामुळे त्यांना त्रिवेंद्रमबाहेर पडावे लागले. हिंदी कलेच्या दृष्टीने हे फार बरे झाले. त्रावणकोरचे माजी दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातील मुत्सद्दी त्या काळात बडोद्याचा कारभार पाहत होते. त्यांच्यामुळे रविवर्मा बडोद्यास आले आणि १८८१ च्या अखेरीस सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले त्या समारंभाच्या वेळी त्यांनी तेथे काम केले. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा हे प्रवासात त्यांच्या सोबत असत. तेही उत्तम चित्रकार. निसर्गाचे देखावे काढण्यात तर कित्येकांच्या मते वडील बंधूंहून सरस. पत्रव्यवहार, हिशेब, रोजनिशी आणि वडील बंधूंच्या चित्रांतील मागचा देखावा, हे सर्व ते सांभाळीत. भगिनी मंगलाबाई यादेखील चित्रे काढीत.

सयाजीराव महाराजांनी १८८८ साली नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढण्यास सांगितले. आता अडचण अशी की, नल-दमयंती, हरिश्चंद्र-तारामती, विश्वामित्र-मेनका यांना वस्त्रे कोणती नेसवावीत? दमयंती मल्याळी दिसावी, की बंगाली, की राजपूत? दोघे बंधू उत्तर हिंदुस्थानात हिंडून आले, पण सर्व देशास मान्य होईल असा एक वेष कोठेच आढळेना. अखेरीस त्यांनी साडीचा आश्रय घेतला, आणि त्यांच्या पौराणिक स्त्रियांच्या अंगावर पुष्कळदा आपल्याकडील नऊवारी लुगड्याचे वळण आले. दमयंतीस नऊवारीत पाहून मराठी माणसास जो आपलेपणा वाटतो, त्याचे मूळ येथे आहे. चित्रे १८९० साली पुरी झाली. बडोद्यास ती लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवली असता दूरदूरच्या लोकांची रीघ लागली आणि त्यांची छायाचित्रे हजारोंनी खपली. आज ती बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पाहावयास मिळतात. शाळेची सहल घेऊन गेलो असता आम्हीही ती पाहिली. सहलीतील मुले तोफा पाहावयास उत्सुक होती, म्हणून आमच्या वाट्यास पाव घटकाच आली.

पाहावयास लोटलेल्या त्या गर्दीने रविवर्मांना एक गोष्ट कळून चुकली. चित्र एक, ते घेणारा राजाही एक, पण पाहू इच्छिणारे लाखो. माधवरावांनी त्यांना १८८४ सालीच सुचविले होते की, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. दहा वर्षांनी रविवर्मांनी त्यापुढे जाऊन स्वतःचाच छापखाना काढला. १८९४ साली मुंबईस, गिरगावात, एका व्यापारी भागीदाराच्या साह्याने तो सुरू झाला. यंत्रे जर्मनीची आणि तंत्रज्ञही जर्मनीचे. शकुंतलेच्या जन्माचे चित्र प्रथम छापून निघाले.

ही छपाई कशी होई ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण तीही एक कारागिरीच आहे. गुळगुळीत घासलेल्या विशिष्ट जातीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र उतरावयाचे. दगड ओला केला की पाणी चित्राच्या रेघांवर ठरत नाही आणि छपाईची शाई ओल्या भागावर ठरत नाही. त्यामुळे रेघांवरचीच शाई कागदावर उठते. पण एका दगडावर रंग एकच. लाल, पिवळा, निळा, अंगकांतीचा गुलाबी, त्यांच्या गडद-फिक्या छटा, प्रत्येकास दगड निराळा. आणि तोच कागद एकामागून एक सर्व दगडांवरून रेसभरही न सरकता जावयास हवा. शेवटी वर रोगण चढवून, पृष्ठभागावर तैलचित्रासारखा खरखरीतपणा आणावयाचा. यास ओलिओग्राफ म्हणत. मूळ चित्र रविवर्मांचे. पण दगडावर ते उतरविणारे, दगड घासणारे आणि कागद जुळविणारे हात पुष्कळ होते. त्यांची नावे चित्राच्या तळाशी कोठेही नाहीत.

घरोघर चित्रे पोहोचविणारे रविवर्मा पहिले नव्हेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ साली पुण्यास चित्रशाळा काढली होती आणि तिची चित्रे महाराष्ट्रात खपत होती. कलकत्त्यासही असे उद्योग चालत. परंतु रविवर्मांच्या लक्ष्मी-सरस्वतींनी जे केले ते दुसऱ्या कोणास साधले नाही. कमळावर उभी असलेली, वरच्या दोन हातांत कमळे धरलेली, शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती, अशी ती लक्ष्मी. आणि खडकावर वीणा घेऊन बसलेली, जवळ मोर असलेली ती सरस्वती. देवीचे हात चार असूनही ती एखाद्या घरंदाज बाईसारखी समोर पाहते. पुष्कळ घरांतील बायका चित्रातील लुगड्यावर जर व टिकल्या चिकटवीत आणि मग ते चौकटीत घालीत. आमच्या वडिलांकडे अशी चित्रे येत, तेव्हा काच टेकू नये म्हणून आत बारीक पट्टी घालावी लागे.

आता उरलेले निम्मे उत्तर. त्या काळी देवाचे रूप डोळे भरून पाहण्याचा अधिकार सर्वांस नव्हता. खुद्द त्रावणकोरात अस्पृश्य मानलेल्या हिंदूंना देवळांची दारे १९३६ च्या राजघोषणेने उघडली. आपल्याकडे पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर साने गुरुजींनी प्राण पणास लावल्यावर १९४७ साली खुले झाले. देवळाचे दार आपल्या सुतारांनी घडवावे, त्याची कडी-कोयंडी लोहारांनी ठोकावी, आणि दाराच्या आत कोणी जावे हे तिसऱ्यानेच ठरवावे, असा तो काळ. रविवर्मांची लक्ष्मी त्या दारांच्या कितीतरी वर्षे आधी बाहेर पडली आणि बाजारात येऊन बसली. पैसे मोजणाऱ्यास जात विचारण्याची तिला सोय नव्हती. हा परिणाम रविवर्मांच्या मनात होता असे आम्ही म्हणत नाही. ते कर्मठ घराण्यातले होते. समुद्र ओलांडल्यास दोष लागतो या समजुतीच्या त्या काळात ते स्वतः कधी विलायतेस गेले नाहीत, १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनास त्यांची दहा चित्रे मात्र गेली. पण माणसाच्या हातून झालेले काम त्याच्या मनातल्या हेतूपेक्षा मोठे असू शकते.

या उद्योगाने त्यांना पैसा दिला नाही, उलट घेतला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कामगार शहर सोडून पळाले आणि धंदा बसला. दोघे बंधू चित्रकार. उधारी, दलाल आणि हिशेब यांत मुरलेले नव्हते. मागणी आलेली चित्रे पुरी करण्यासाठी त्यांना संस्थानोसंस्थानी हिंडावे लागे, आणि इकडे यंत्रे खर्च मागत. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या लेण्यांलगत मळवली येथे हलविला. तरीही कर्ज फिटेना. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी तो त्यांचेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांस विकावा लागला, आणि त्याबरोबर आपली चित्रे छापण्याचा हक्कही द्यावा लागला. नवे मालक धंद्यात हुशार निघाले. रविवर्मांच्या देवता पुढे दिनदर्शिकांवर आणि मालाच्या वेष्टनांवर झळकल्या, आणि ज्यांनी त्या काढल्या त्यांचा त्यावर काही हक्क उरला नाही. आपल्या मालकीचे दुकान जाऊन त्याच दुकानाच्या पाटीवर आपले नाव तसेच राहणे, याचे दुःख धंदेवाल्यासच समजेल. दादासाहेब फाळके हे काही काळ या छापखान्याच्या कामात होते. त्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढला, तेव्हा पडद्यावरच्या देवादिकांची ठेवण लोकांना परिचयाची वाटली यात नवल नाही.

रविवर्मांच्या पश्चात त्यांच्यावर कठोर टीका झाली. आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता आदी विद्वानांनी आणि बंगालच्या नव्या चित्रकारांच्या पुरस्कर्त्यांनी असा आक्षेप घेतला की, ही रीत युरोपची उसनी आहे. देव येथे नाटकातील नटांसारखे उभे राहतात, त्यांत दिव्यत्व नाही. आम्ही चित्रपारखी नाही. पण नाटकीपणाचा आक्षेप आम्हास सर्वस्वी खोटा वाटत नाही. शिवाय आमचा स्वतःचा एक आक्षेप आहे. चित्रकलेच्या तासाला एकदा मुलांना लक्ष्मी काढण्यास सांगितले असता सर्वांनी गोरी लक्ष्मी काढली. एका सावळ्या मुलीने विचारले, गुरुजी, काळी काढली तर चालेल का? आम्ही चालेल म्हणालो. तिने थोडा विचार केला आणि गोरीच काढली. हे रविवर्मांचे ऋण नव्हे; ही त्यांच्याकडील आपली येणे बाकी आहे. विद्वानांचे मत पुढे पालटले. १९७९ साली सरकारने त्यांची चित्रे राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित करून ती देशाबाहेर नेण्यास बंदी केली, आणि १९९३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. सामान्य माणसांना मात्र मत बदलावे लागले नाही. त्यांनी तसबीर भिंतीवरून काढलीच नव्हती.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. पत्नी १८९१ सालीच वारल्या होत्या. १९०४ साली सरकारने कैसर-ई-हिंद हे सुवर्णपदक दिले. पण पुढच्याच जानेवारीत धाकटे बंधू राजराजवर्मा गेले. ज्याने पंचवीस वर्षे मागचा देखावा रंगविला, तो गेल्यावर पुढील आकृती काढणाऱ्याचे काय होत असेल! मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही म्हैसूरच्या महाराजांनी सांगितलेली नऊ पौराणिक चित्रे त्यांनी एकट्याने हाती घेतली आणि तडीस नेली. मग ते किळिमानूरला परतले, आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

मळवलीचा छापखाना त्यांच्यामागे पुष्कळ वर्षे चालला. १९७२ साली त्यास आग लागली आणि त्यात जुना ठेवा पुष्कळसा नष्ट झाला. आमच्या घरी त्या छापखान्याची एक लक्ष्मी अद्याप आहे. तिची काच दोनदा बदलली. दुसऱ्या खेपेस मागची फळी काढली, तेव्हा आतल्या बाजूस वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेली लांबी-रुंदीची मापे दिसली. आम्ही ती फळी तशीच परत ठोकली.